धाब्यावरची माती

जुन्या घराच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, कोपऱ्यात पहारेचा पहिला घाव बसला आणि मातीचं मोठं ढेकूळ सुटलं. युसूफ मिस्त्रींनी वाकून पाहिलं. खाली कडुनिंबाच्या पाल्याचा थर होता. त्यांनी एक पान उचललं. पार वाळलेलं, पण शिरा न् शिरा जागेवर. वाळवीचा मागमूस नव्हता.

"ताई, हे धाबं कधीचं?" त्यांनी अंगणातल्या स्वरदाला विचारलं.

"घर आजोबांचं. बहात्तरच्या दुष्काळानंतर वरची माती नवी घातली म्हणतात. का हो?"

"नाय, सहज."

वाळूजच्या पुढं, गंगापूर रस्त्याच्या आतल्या मळ्यातलं हे घर. वडील गेल्यावर शहरात प्राध्यापक असलेल्या स्वरदानं आणि तिच्या पुण्यातल्या भावानं, चिन्मयनं, ते पाडून स्लॅबचा बंगला बांधायचं ठरवलं होतं. शहर चहूबाजूंनी वाढत होतं आणि त्यातल्या कितीतरी इमारती युसूफ मिस्त्रींच्या हातच्या होत्या, म्हणून काम त्यांच्याकडं आलं. आज लाकूड उतरवायचं, उद्या जेसीबीनं भिंती पाडायच्या.

तुळया बघायला मिस्त्री आत शिरले आणि थबकले. २०१६चा एप्रिल होता. बाहेर उन्हानं डोळे उघडत नव्हते, विहिरीनं तळ गाठला होता. आत मात्र अंगावरचा घाम सुकत गेला.

तुळई सोडवायला ते खिळा शोधू लागले. खिळा नव्हताच. चाचपताना खांबाच्या माथ्याशी बोटाएवढी लाकडी मेख हाताला लागली. ती काढताच सगळा सांधा आपसूक सैल झाला. तोवर तिथं नखसुद्धा शिरत नव्हतं. मिस्त्रींनी घाईनं मेख परत ठोकली आणि भिंतीला टेकून बसले. कितीतरी वेळ ते नुसते वर बघत होते.

"बरं वाटत नाही का युसूफभाई?" स्वरदा दारात आली.

"पस्तीस वर्षं घरं बांधतोय, ताई. असं एक पण नाय बांधलं मी."

"पण गळतं ते. बाबा दर पावसाळ्यात पातेली मांडून बसायचे."

"वरची माती थकली, बस. भिंतींना काय धाड झालीय? आन् स्लॅब टाकला तर पंधरा-वीस दिवस पाणी मारावं लागंल. वस्तीचे हंडे टँकरपुढं रांगेत, आन् आपण पाइप धरायचा?"

स्वरदानं भिंतीवर तळहात ठेवला.

"मग हेच दुरुस्त करून द्या."

मिस्त्रींनी मान खाली घातली. आजवर कुठल्याही मालकापुढं न उच्चारलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं. "मला येत नाय, ताई."

स्वरदानं जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. चिन्मय फोनवर तणतणला, मग म्हणाला, "येऊन बघतो." बहात्तरनंतर धाबं घालणाऱ्यांपैकी वस्तीवरचा सांडू तेवढा उरला होता. पंच्याहत्तरीचा, हात कापणारा. तो काठी टेकत आला, माती चिमटीत चोळून म्हणाला, "पांढरीची माती आणा, जुन्या गावठाणातली. वापरलेलं पाणीबी चालतंय."

वस्तीतल्या घराघरातून धुण्याभांड्यांचं पाणी बादलीनं आलं. अंगणात आळं झालं, त्यात माती आणि भुसा पडला. मिस्त्रींच्या हाताखाली तीस माणसं कामाला असत. त्यांतलं कुणी पुढं व्हायच्या आत त्यांनी स्वतः पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि आळ्यात उतरले.

सांडू काठावर उकिडवा बसून त्यांचे पाय बघत होता. "टाचेनं दाब, मिस्त्री. बोटांनी नाय."

दुपार कलली. मिस्त्रींच्या पोटऱ्या भरून आल्या. त्यांनी मूठभर चिखल काढून सांडूपुढं धरला.

"झाली का, चाचा?"

सांडूनं चिखल बोटांत दाबून पाहिला आणि परत आळ्यात टाकला.

"अजून कच्ची हाय."

"बरं," म्हणत मिस्त्री पुन्हा तुडवू लागले.