गिरणीतली पाच पावलं

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी मोजणीदारांना सहा आठवडे घरात बसवलं. तीस वर्षं रानोमाळ हिंडून लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. निवृत्त झाला तरी पायाची भिंगरी काही थांबली नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काठी टेकत टेकत घरातल्या सगळ्या खोल्या मोजल्या आणि स्वयंपाकघराचा एक कोपरा काटकोनात नाही, हे सुनेला दोनदा ऐकवलं.

सून दवाखान्यात एक्स-रे काढायची. नवरा कामानिमित्त महिनाभर बाहेरगावी, म्हणजे सासऱ्यांची करमणूक तिच्याच गळ्यात. एका दुपारी तिने टीव्हीपुढे खुर्ची ओढली आणि त्यांच्या हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर दिला.

"बाबा, शत्रू दिसला की मारायचा. तो पडला की बंदुका, चिलखतं सांडतात. चांगलं ते उचलायचं, बाकीचं विकायचं, की पुढचा शत्रू. आणि ही या खेळाची नवी पुरवणी. कालच डाउनलोड केली. मिठाची दरी."

दरी खरोखर देखणी होती. पांढरी जमीन, तांबडं आभाळ, मधोमध मीठ दळायची दगडी गिरणी. सून धडाधड गोळ्या झाडत पुढे गेली. मागे वळून पाहते तो सासऱ्यांचा गडी भिंतीला खेटून मुंगीच्या गतीने चाललेला.

"बाबा, मागे बघा! तो अंगावर येतोय!"

"थांब गं, आकडा चुकेल. एकोणतीस, तीस, एकतीस." तेवढ्यात राक्षसाने त्यांना लोळवलं. "बाहेरून एकतीस पावलं," ते पडल्या पडल्या म्हणाले.

पुन्हा जिवंत झाल्यावर ते गिरणीच्या आत गेले आणि तीच बाजू मोजली. सव्वीस भरली. परत मोजली, तरी सव्वीसच.

"भिंतीची जाडी असेल," सून म्हणाली.

"एक पाऊल धर भिंतीचं. दोन धर. पाच पावलांची भिंत कुठे असते का?"

दुसऱ्या दिवशी सून कामावरून आली तेव्हा मोजणीदार चौकटीच्या कागदावर नकाशा काढून तयार होते. "मला त्या छपरावर चढव," ते म्हणाले. तिने चढवलं. वर धुराडं होतं आणि त्यातून बारीक धूर निघत होता. आत मात्र चुलीचा पत्ता नाही.

आता सुनेलाही राहवेना. एरवी ती लखलखत्या सोनेरी बंदुकीपाठी तीन तीन तास घालवायची. त्या दुपारी तिने असतील नसतील ते सगळे बॉम्ब त्या एका भिंतीवर फोडले. भिंतीचा टवकाही उडाला नाही. मग तिने खेळाडूंच्या गप्पांच्या पानावर विचारलं. उत्तरं आली ती अशी: 'नजरचूक असेल', 'काकांना बंदूक द्या, टेप नको.'

मोजणीदारांनी तो नाद सोडला आणि सरळ खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. सोबत मापांसकट नकाशा जोडला आणि खाली एकच प्रश्न: 'धूर कशाचा?'

अकरा दिवस काहीच नाही. बाराव्या दिवशी ईमेल आला. लिहिणाऱ्या बाईनेच गिरणी रचली होती. तिथे गिरणीवाल्याच्या बहिणीची खोली होती, तिने लिहिलं. खेळातली गोष्ट लांबली म्हणून बहिणीचं पात्र कापलं गेलं आणि दार बुजवलं. खोली पाडली असती तर छप्पर नव्याने रचावं लागलं असतं, तेवढा वेळ नव्हता. 'धुराचं माझ्याही ध्यानात नव्हतं. तुम्हीच पहिले विचारणारे.' सोबत खोलीचं चित्र होतं.

सासरा आणि सून डोक्याला डोकं लावून ते बघत बसले. एक खाट. दोरीवर वाळत घातलेले पायमोजे. कोपऱ्यात चूल, आणि चूल पेटलेली.

"अगंबाई," सून म्हणाली. "म्हणजे आपण बाहेर लढत होतो तेव्हाही ही जळतच होती?"

"जळणारच. विझवायला आहे कोण?" मोजणीदार खूश होऊन हसले. मग चष्मा पुसून त्यांनी खाटेवरून खोलीच्या लांबीचा अंदाज बांधला आणि नकाशातली मोकळी जागा शाईने भरली.

सुनेने तो नकाशा, चित्र आणि पत्र त्याच गप्पांच्या पानावर टाकलं, आणि दोघं विसरूनही गेले.

सुट्टीच्या दिवशी पुन्हा दरीत उतरले तर गिरणीभोवती ही गर्दी! अनोळखी खेळाडू, अंगावर दुर्मिळ चिलखतं, आणि सगळे भिंतीला खेटून एकेक पाऊल टाकत चाललेले. कुणी गोळी झाडत नव्हतं. राक्षस येऊन एकेकाला आरामात लोळवत होते.

"मोजणीवाले काका तुम्हीच का?" माइकवर कुणीतरी विचारलं. "मी शिंपी आहे. मला साडेतीस भरतायत."

"कोपऱ्यापासून धरलंस का?" मोजणीदार खुर्चीत पुढे सरकले.

"धरलं. पण काका, त्या पुलाचं बघितलंत? एका बाजूला सात खांब आहेत, दुसऱ्या बाजूला सहा."

मोजणीदारांनी सुनेकडे पाहिलं. तिने केव्हाच कोरा कागद पुढे ओढला होता.

"कुठल्या पुलाचं म्हणालास?" त्यांनी विचारलं. "पुढे हो, आम्ही आलोच."