वाडग्यातले किडे

इस्त्रीच्या दुकानामागच्या खोलीत पंधराएक माणसं मांडीवर पिंजरे घेऊन दाटीवाटीनं बसली होती. वाफेचा, ओल्या कपड्यांचा आणि आजारी जनावरांचा वास एकमेकांत मिसळला होता. मधोमध पांढरा वाडगा, त्यात पाणी, आणि वाडग्यामागे इस्त्रीवाला. वर्षभरापासून सगळे त्याला फुंकरकाका म्हणत.

त्यानं अण्णांच्या गोटीची, म्हणजे त्यांच्या गिनीपिगची, पाठ वाडग्यावर झटकली. पाण्यावर काळे कण पडले आणि गरगर फिरू लागले.

"बघा कसे पळतायत. इतके दिवस फुकटचं रक्त पीत होते, आता पोहता येईना." काका काहीतरी पुटपुटला, त्यानं फुंकर घातली आणि बोट पाण्याला लावलं. कण जागच्या जागी थिजले. "मेले. डॉक्टरला याला महिना लागतो, शिवाय सुया टोचतो ते वेगळंच."

अण्णांचे डोळे भरून आले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण बायको गेल्यापासून या दोन गिनीपिगशीच काय ते त्यांचं बोलणं.

त्यांची मुलगी मागे उभी होती. ती शाळेच्या प्रयोगशाळेत साहित्य सांभाळायची. तीन आठवडे ती अण्णांना जनावरांच्या डॉक्टरांकडे चला म्हणत होती. अण्णांचं उत्तर ठरलेलं असे, "खाजवणं थांबलंय तिचं. आणखी काय हवं तुला?"

थांबलं होतं खरं. खाजवून झालेल्या जखमेवर काकाचा काळा लेप लागला की गोटी निपचित पडायची. आज तर ती मानही उचलत नव्हती.

मुलीला वाडग्यातून ओळखीचा वास आला. तिनं कपड्यांच्या फळीवरची कापराची वडी उचलली, वाडगा साबणानं धुऊन चारदा खंगाळला, नवं पाणी भरलं आणि वडी चुरून टाकली. पांढरे कण तस्सेच पळू लागले. मग तिनं बोट आपल्या तेल लावलेल्या केसांवरून फिरवून पाण्याला लावलं. कण थिजले.

"अण्णा, भिंग आहे ना खिशात? आता त्याचे काळे किडे बघा. पाय मोजा."

अण्णांनी काकाच्या बोटावर चिकटलेला एक कण भिंगाखाली धरला. बोट फिरवून त्यांनी तो सगळीकडून पाहिला. मग म्हणाले, "पाय नाहीत."

"काजळीत घोळवलेला कापूर आहे तो, झटकताना याच्याच हातातून पडलेला. कापूर विरघळताना पाण्याचा ताण एका बाजूला कमी होतो, कण दुसरीकडे ओढला जातो. बोटाचं तेल पसरलं की ओढ संपली."

मग सशाचा पिंजरा घेतलेली एक बाई पुढे सरकली. "ताई, तुमच्याही हातात गुण आहे की. माझ्या सशाचं बघता का?"

"असणारच," काका म्हणाला. "माझ्या एकट्याकडेच आहे असं मी कधी म्हटलं?"

त्याच दिवशी मुलगी अण्णांना दोन्ही गिनीपिगसह जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोटीची त्वचा हलकेच खरवडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. "हा खरा किडा. आठ पाय. नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. वाडग्यात दिसलं ते काहीही असो, हा नव्हता."

"पण खाजवणं थांबलं होतं हो," अण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी लेप हुंगला. "तंबाखू आहे यात. उघड्या जखमेतून अंगात भिनली. खाजवायलाही त्राण लागतं, अण्णा."

त्यांनी जमेल ते केलं. तासाभरात गोटी अण्णांच्या हातातच गेली.

दुसरीलाही किडे होतेच. डॉक्टरांनी तिचं वजन केलं, वजनानुसार मोजलेले थेंब मानेवर सोडले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं. जखम मी दिलेल्या सलाईननंच पुसा, म्हणाले. लेप नको, तेल नको, कुत्र्याचं औषध तर मुळीच नको. पिंजऱ्यातलं गवत टाकून पिंजरा धुऊन काढा.

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी इस्त्रीच्या दुकानासमोर उभे राहतात. रांग तेवढीच असते.

"माझी गेली हो इथल्या लेपानं," ते सांगतात.

"अर्ध्यावर सोडलंत ना तुम्ही, म्हणून," लोक समजूत घालतात.

काल सशाची बाई पुन्हा आली होती. ससा आता शांत असतो, म्हणाली.

"शांत असतो की बरा आहे?" अण्णांनी विचारलं. "खातो का? पळतो का? त्याला बोलता येत नाही, बाई. आपल्याला बघता येतं, विचारता येतं. एकदा डॉक्टरांना दाखवा. पटलं नाही तर या परत इकडे."

बाईनं मान डोलावली, पिंजरा पोटाशी धरला आणि नंबर लागला तशी आत गेली.

अण्णा रांगेतल्या पुढच्या माणसाकडे वळले.