शाल काढू नका, फोटो व्हायचाय

"बेंगळूरला कसला आलाय उन्हाळा!" आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष गिरीराज दर एप्रिलात हेच म्हणतात. म्हणून बसवनगुडीत मंडळाच्या गच्चीवर पत्रे आहेत, पंखा नाही. तिथेच त्यांनी भर दुपारी 'उन्हापासून बचाव' हे व्याख्यान ठेवलं. संध्याकाळी का नाही? जेवण असलं तरच माणसं येतात, आणि जेवण दुपारचं.

वक्ते माझे वडील, अण्णा, म्हणजे डॉक्टर श्रीधरराव. वय झालेलं, बीपीची गोळी चालू. मी पाण्याची बाटली समोर ठेवली, ती गिरीराजांनी उचलली. फोटोत वाईट दिसते म्हणे.

भाषणाआधी सत्कार. मंडळाचा फेटा एकच, कायमचा बांधून ठेवलेला, प्रत्येक पाहुण्याच्या डोक्यावर चढून आलेला. आतली पट्टी काळी, चिकट. वास असा, की गेल्या गणपतीतला पाहुणा अजून आतच बसलाय. वर लोकरीची शाल. वर झेंडूचा हार, मुंग्यांसकट.

"उन्हाळ्यात सैल, सुती कपडे घालावेत," अण्णा म्हणाले. नाकावरून घाम टपटप माइकवर पडत होता. मी खूण केली, शाल काढा. त्यांनी हात घातला, तर गिरीराज कुजबुजले, तेही माइकसमोर, "डॉक्टरसाहेब, शाल काढू नका. स्वल्प, थोडं थांबा, फोटोग्राफर जेवतोय."

"चक्कर, मळमळ, असंबद्ध बोलणं, ही लक्षणं..." अण्णा थांबले. माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, पुढचा पेशंट पाठवा."

लोक खो खो हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या.

मी धावले. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे मिटत चाललेले. फेटा उपटला, तो पच्‌ आवाज करत सुटला.

"अक्का, फेटा जपून!" गिरीराज ओरडले.

कुणीतरी सकाळपासून पत्र्याखाली फसफसलेला मठ्ठा अण्णांच्या तोंडाला लावायला आणला. "शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काही ओतू नका!" मी ग्लास ढकलला, तो गिरीराजांच्या झब्ब्यावर सांडला. बरं झालं.

चौघांनी उचलून अण्णांना जिन्याच्या सावलीत आडवं केलं. श्रोत्यांत बसलेल्या आईनं ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मी शर्टाची बटणं तोडली, शाल बादलीत बुचकळून मानेवर, काखेत, छातीवर दाबली. बादली हात धुवायची. त्यामुळे अण्णांच्या छातीवर भाताची शितं आणि कुणीतरी चावून टाकलेली शेवग्याची शेंग. बाकीचे पत्रावळींनी वारा घालत होते.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा अण्णांनी डोळे किलकिले केले. छातीकडे बघितलं. "शी! ही शेंग कुणाची?"

आई रडायलाच लागली. बोलणं ठिकाणावर आलं होतं.

स्ट्रेचर आत गेलं, तोवर गिरीराज धापा टाकत खाली आले. "अक्का, एक मिनिट! तुम्ही जीव वाचवलात. सत्कार झाल्याशिवाय जायचं नाही!"

हातात तोच फेटा. अण्णांच्या घामानं ओलाचिंब.

मी तो घेतला, त्यांच्याच डोक्यावर कानापर्यंत दाबला आणि दार ओढून घेतलं.

मागच्या काचेतून बघितलं. गिरीराज रणरणत्या उन्हात ताठ उभे होते. फोटोग्राफर जेवून आला होता.