गंगारामशेठची उघडी मॉरिस

गाडीखालून बासितभाईंचे फक्त दोन पाय बाहेर दिसत होते. पायांत मोजे होते. बूट त्यांनी काढून गोजराबाईंच्या खुर्चीपाशी नीट जोडीने ठेवले होते. कुणाच्या घरात शिरावं तसा हा माणूस गाडीखाली शिरला होता. गोजराबाईंना तो तिथेच पसंत पडला. असा माणूस अर्धवट काम करून जायचा नाही.

त्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपात सुका जवळा. बोटं सवयीने कचरा वेचत होती, पण नजर गाडीवर होती. तळवलीतल्या त्यांच्या तीन मजली बिल्डिंगखालून आज बऱ्याच दिवसांनी मॉरिस उन्हात आली होती. दोन दरवाजांची, बदामी रंगाची, वरून उघडी. ताडपत्रीचा टप मागे घडी करून ठेवलेला.

"ही हलली तर चार बाइका तरी लागतील खाली," त्यांची सून सखू जाता जाता म्हणाली. हे ती गेली वीस वर्षं म्हणत होती.

नातू रूपेश मात्र जागच्या जागी उभा राहू शकत नव्हता. पुण्याच्या एका शौकीन माणसाने गाडीचे फोटो पाहिले होते. जुन्या उघड्या गाड्या जमवायचा त्याला नाद होता. मॉरिस कारखान्यातूनच उघडी बाहेर पडलेली असेल तर अशा इथे फार थोड्या उरल्यात, तुम्ही म्हणाल ती किंमत, असं तो म्हणाला होता. बंद गाडीचं छप्पर मागाहून कुणी कापलेलं असेल तर मात्र नको. तशा पुष्कळ पडल्यात. अस्सल कोणती न् कापलेली कोणती हे सांगायला दोघांनी मिळून नेरूळच्या बासितभाईंना, जुन्या गाड्यांच्या जाणकाराला, बोलावलं होतं. त्यांचा शब्द दोन्हीकडे चालणार होता. त्या शब्दावर महाप्याला रूपेशचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर उभं राहणार होतं.

खरं काय ते या अंगणात फक्त गोजराबाईंना ठाऊक होतं. मॉरिस कापलेली होती.

गंगाराम, त्यांचा नवरा, मिठागराच्या मालकाचा ड्रायव्हर. मिठागरं बुजली, मालक गाव सोडून गेला आणि जाताना आपली जुनी मॉरिस गंगारामला देऊन गेला. तेव्हा तिला छप्पर होतं. त्याच वर्षी धाकट्या दिराचं, कान्हाचं लग्न निघालं. नवरदेव मोटारीतून जाणार म्हणून सारं गाव वेशीवर जमलेलं. कान्हा दारातून आत शिरायला वाकला आणि बाशिंग वरच्या पत्र्यात अडकून मधोमध मोडलं. बायांच्या तोंडून हाय निघाली. कुणी म्हणालं अपशकुन, कुणी म्हणालं यापेक्षा बैलगाडी बरी. कान्हाचा संसार पुढे उत्तम झाला, पण गंगारामच्या मनातून ते मोडलेलं बाशिंग जाईना. आणि बाशिंग वाचलं असतं तरी काय? डब्यात बसवलेला नवरा गावाला दिसणार कसा? वरात असते कशाला?

गोजराबाई तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, शिरवण्याला होत्या. एके दिवशी गंगाराम गाडी घेऊन तिथेच आला. माहेरच्या घरामागे मुस्तफा वेल्डरचं आवार होतं. मुस्तफाने आधी गाडीखाली मिठाच्या ट्रॉलीचे जुने रूळ आडवे-उभे जोडून घेतले. "छप्पर गेलं की गाडीची कंबर जाते, आधी कंबर बांधू," म्हणाला. मग गॅस पेटवला. गोजराबाई सुजलेले पाय लांब करून ठिणग्या बघत बसल्या. टप त्यांनीच शिवला, आईच्या मशीनवर, दोन सुया मोडून.

अंकुशला, म्हणजे रूपेशच्या बापाला, मांडीवर घेऊन त्या त्याच गाडीतून, टप चढवून, सासरी निघाल्या. वाटेत तुर्भ्याला गंगारामला कुणी ओळखीचा भेटला. ही कुठली रे, त्याने विचारलं. छप्पर उडवलंय म्हटलं असतं तर पंचक्रोशीभर हसू झालं असतं. गंगाराम म्हणाला, मालकाची दुसरी गाडी, बदली दिली, विलायतेतून अशीच उघडी आली. आणि त्याने बायकोकडे बघितलं. बायकोने मान हलवली.

ती मान मग जन्मभर हलवावी लागली. घणसोली, राबाडे, तुर्भे, कुठलंही लग्न असो, नवरदेव गंगारामशेठच्या उघड्या मॉरिसमधून निघे. तो भाडं घेत नसे. नारळ आणि विडा घेई आणि विलायतेची गोष्ट सांगे. ऐकणाऱ्याने शंका काढलीच तर म्हणे, हिला विचारा. गोजराबाई गावच्या धवलारीण. लग्नाचे धवले गात गाडीपुढे चालायच्या. देवाधर्माचं गाणारी बाई खोटं कशाला बोलेल? गंगाराम जाऊन आता आठ वर्षं झाली होती. गोष्ट तेवढी घरात राहिली. रूपेश तर त्या गोष्टीवरच वाढला होता.

आणि आता गाडी जायला निघाली होती. ती थांबवायला गोजराबाईंचं एक वाक्य पुरणार होतं. पण ते वाक्य बोललं की मेलेला माणूस नातवासमोर खोटारडा ठरणार. म्हणून सकाळपासून त्यांनी ते काम बासितभाईंवर सोपवलं होतं. गाडीनेच सांगावं. आपण आपला जवळा निवडावा.

बासितभाई बाहेर आले, कपडे झटकले. मग त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि दारावरून, मडगार्डवरून हळूहळू फिरवलं. पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुटी, भरलेली असेल तिथे चुंबक सुटतं, त्यांनी रूपेशला समजावलं. चुंबक कुठे सुटलं नाही. कारखान्याच्या नंबराची पट्टी विचारली, तर ती केव्हाच गंजून पडली होती. मग त्यांनी पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला.

"आता गंमत बघ," ते रूपेशला म्हणाले. "छप्पर कापलेली गाडी एका कोपऱ्यातून उचलली की पिळते. दार लागत नाय मग."

गोजराबाईंची बोटं सुपात थांबली. लागू नको, त्या मनात दाराला म्हणाल्या. अडक. एवढ्यावेळी अडक.

चाक जमिनीवरून सुटलं. बासितभाईंनी दार उघडलं आणि एका बोटाने लोटलं. दार खट्‌कन बसलं, तिजोरीचं बसावं तसं. दुसऱ्या बाजूचंही तसंच बसलं. रूपेशने हवेत मूठ हाणली. मुस्तफाने बांधलेली कंबर इतक्या वर्षांत ढिली पडली नव्हती. मेल्याने एवढं चांगलं काम कशाला केलं होतं, गोजराबाईंना वाटलं, आणि वाटताना अभिमानही वाटला.

पण बासितभाई हसले नाहीत. काचेच्या चौकटीपाशी, आतल्या अंगाला, ते पुनःपुन्हा अंगठा फिरवत होते. सखूने आणलेला चहा त्यांनी बॉनेटवर न ठेवता हातात धरूनच प्यायला. मग म्हणाले, इथं रंगाखाली जोड लागतोय. जुना अपघात असेल किंवा दुसरंही काही असेल. खालचं काम बघितलं तर कारखान्याचं वाटत नाही, पण कारखान्याहून वाईटही नाही. रंग खरवडला तर कळेल, पण असा रंग पुन्हा चढायचा नाही. गाडी आली तेव्हा बघितलेलं कुणी आहे का?

"आजी आहे ना," रूपेश म्हणाला. "आजोबांनी आणली तेव्हा आजी गाडीतच होती. आजी, सांग ना भाईंना. अशीच आली ना?"

बासितभाई गोजराबाईंसमोर येऊन उकिडवे बसले. "काकी, तुमी सांगाल ते मी लिहीन," ते म्हणाले. "मग खरवडायची गरज नाय."

नुसती मान हलवायची होती. मान ओळखीच्या वाटेने निघालीसुद्धा होती. समोर हा अनोळखी माणूस उघड्या वहीसारखा बसला होता आणि त्याच्या मागे नातू हसत उभा होता. तुर्भ्याचा तो माणूस गोष्ट ऐकून चहा पिऊन गेला होता. त्याचं काही गेलं नव्हतं. पुण्याच्या माणसाचं जाणार होतं. आणि हा बूट काढून गाडीखाली शिरणारा माणूस त्याखाली आपलं नाव लिहिणार होता.

गोजराबाईंनी सूप खाली ठेवलं.

"कापली हाय," त्या म्हणाल्या. "शिरवन्याला कापली. मी तितंच बसले व्हते."

रूपेशचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. मग गोजराबाईंनी सगळं सांगितलं: कान्हाचं बाशिंग, मुस्तफाचे रूळ, सुया मोडल्या ते. बासितभाईंनी मध्ये एकदाच विचारलं, कापलेलं छप्पर कुठं गेलं.

"माज्या आयेशीच्या कोंबऱ्यांवर. खुराऱ्याला घातला. पावसात लय वाजाचा, पन गलला नाय कदी."

बासितभाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी रूपेशकडे पाहिलं आणि खिशातला कागद काढला.

"म्हणजे आजोबा खोटं बोलायचे," रूपेश म्हणाला. "सगळ्यांना. मला पण."

"बोलाचा," गोजराबाई म्हणाल्या. "आनि मी मान हालवाची. तो सांगाचा तवा ती बढाई व्हती, बाला. कोनाचा काय जात नव्हता. तू तिच्यावर गारी इकलीस तं ती लबाडी व्हईल. त्याच्या नावावर लबाडी नको."

रूपेश वळला. फाटकापर्यंत गेला आणि पाठ करून उभा राहिला. बासितभाईंनी कागदावर लिहिलं, गोजराबाईंना वाचून दाखवलं: बंद गाडी, मागाहून उघडी केलेली, काम उत्तम. किंमत साध्या जुन्या मॉरिसची. मग ते बूट घालायला बसले. नाड्या बांधता बांधता म्हणाले, माझ्या वालिदांची वरात घोड्यावरून निघाली होती, घोडा मध्येच खाडीकडे पळाला. अम्मी शेवटपर्यंत सांगायची, घोडा अरबी होता.

फाटकाजवळून रूपेशचा आवाज येत होता. तो पुण्याला फोनवर सांगत होता. नाही साहेब, ओरिजिनल नाही. कापलेली आहे. हो, पक्कं. मग पलीकडून काही विचारलं असावं, कारण तो थोडा थांबला.

"आमच्या आजोबांनी कापली," तो म्हणाला. "नवरा दिसावा म्हणून."

सेंटरचं काय, ते त्या दिवशी कुणी बोललं नाही. जेवताना रूपेशने जवळा दुसऱ्यांदा मागून घेतला, एवढंच. सखूने बाइकांचा विषय काढला नाही.

दुपारी पाण्याचा टँकर यायचा होता, म्हणून मॉरिस अंगणातून बिल्डिंगखाली घ्यायची होती. रूपेशने ती चालू केली, फिरवून घेतली आणि गोजराबाईंच्या खुर्चीपाशी आणून उभी केली. आतूनच हात लांब करून त्याने दार उघडलं.

"बस, आजी."

"येवऱ्यासाठी कनाला? चार पावला तं जायची."

"बस ना."

त्या बसल्या आणि सवयीने मागे बघितलं. टप लावायचा राहिला होता. वरातीत त्या नेहमी गाडीपुढे चालल्या होत्या, आणि एरवी बायको बरोबर असली की ऊन लागेल म्हणून गंगाराम आधी टप चढवी, मग गाडी काढी. टप न चढवता, उघड्या मॉरिसमध्ये त्या आज पहिल्यांदा बसत होत्या.

"लावू का?" रूपेशने विचारलं.

"ऱ्हाऊ दे. हलू चालव."

गाडी हलली. वरच्या गॅलऱ्यांत कपडे काढायला आलेल्या भाडेकरणी कठड्यावर वाकल्या, एकीने आतल्या मुलांना हाक मारली. गोजराबाईंनी वर पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ताठ बसून राहिल्या.