मागचा फुटरेस्ट

तोंडातून निघालेल्या शब्दाला परतीचं तिकीट नसतं. घड्याळजीला हे तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं. वळायला मात्र सायलेन्सर गळून पडावा लागला.

त्याची मोटरसायकल मुलीपेक्षा सात वर्षांनी मोठी. सायलेन्सर खालून कुजून त्याची चाळण झाली आणि एका सकाळी अर्धा भाग रस्त्यातच राहिला. तसला सायलेन्सर आता कंपनीकडेही मिळत नव्हता. तेव्हा गाडी ढकलत तो मिस्त्रीच्या गॅरेजात आला. मिस्त्रीचे हात कायम काळे आणि जीभ कायम मोकळी.

"काका, हिला खोकला झालाय. बाहेरचा बसवू. दोन आहेत माझ्याकडे, ऐका आणि ठरवा."

पहिला आखूड, शेपटीसारखा वर उचललेला. मिस्त्रीने तो तारेने तात्पुरता बांधला आणि किक मारली. घड्याळजीने डोळे मिटले. एकेक ठोका सुटा, खोल, भरलेला; जणू दुकानातलं लंबकाचं मोठं घड्याळ छाती फुगवून बोलत होतं. जन्मभर टिकटिक ऐकून कान बारीक झालेला माणूस तो. तरुणपणी असा आवाज कुठूनही आला की हातातला चिमटा थांबायचा.

"हाच," तो म्हणाला.

"थांबा. हा बसवायचा तर मागचा उजवा फुटरेस्ट जातो. त्याचा ब्रॅकेट फ्रेमलाच जोडलेला आहे, कापावा लागेल. मागे कोणी बसतं?"

घड्याळजी चष्मा काढून पुसू लागला.

"काकू?"

"तिचे गुडघे धरलेत. ती बसनेच जाते."

"मग झालं तर." मिस्त्रीने करवत उचलली.

"पुन्हा जोडता येईल?"

"वेल्डिंग करता येईल. पण त्यावर कोणी पाय देऊन चढलं तर टिकेल, असं मी छातीठोक सांगणार नाही."

मुलीला त्याने लहानपणापासून हाताशी धरलं होतं. केसाएवढी स्प्रिंग ती श्वास रोखून चिमट्याने उचलायची. दुकान तिचंच, हे त्याने तिला न विचारताच ठरवून टाकलं. तिने लांबच्या शहरात नोकरी धरली. निघायच्या दिवशी बॅग घेऊन गाडीजवळ उभी राहिली, म्हणाली, "बाबा, स्टँडवर सोडता?" आणि तो म्हणाला होता, "माझ्या गाडीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही." ती बॅग उचलून चालत गेली. देवाने माणसाला जीभ दिली, पण तिचं कुलूप मात्र ज्याचं त्याने शोधायचं असतं.

दर रविवारी ती आईला फोन करायची. तेव्हा हा दाराआड उभा राहून पुसलेलीच काच पुसायचा. बायको फोन ठेवून म्हणायची, "भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. आपल्या भिंतीला चष्मासुद्धा आहे."

"काका, कापू?"

"नको. मागे बसतं कोणीतरी. मुलगी."

मिस्त्रीने वाकून फुटरेस्ट उघडायला बोट लावलं. तो हलेना. बिजागरी गंजून घट्ट बसली होती, रबरावर धुळीचा थर. मिस्त्रीने एकदा रबराकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि बिजागरीवर तेलाचे चार थेंब सोडले.

दुसरा सायलेन्सर लांब आणि आडवा, फुटरेस्टच्या खालून मुकाट्याने मागे जाणारा. आवाज सपाट, पोटभर जेवून घोरणाऱ्या माणसाचा. घड्याळजीने आखूड नळीकडे एकदा पाहून घेतलं आणि मान हलवली. "हाच बसवा."

पण काम तेवढ्यावर संपलं नाही. गाडी फिरवून आणली तर मूठ सोडताच मागून फट फट व्हायचं. मिस्त्रीने प्लग काढून दाखवला. टोक पांढरंफटक.

"उपाशी धावतेय. हवा भरपूर, पेट्रोल कमी. जेट मोठा घालतो." जेट म्हणजे कार्बोरेटरमधली भोकाची इवलीशी पितळी नळी, तिच्यातून पेट्रोल येतं. त्याने डबीतून दोन काढून घड्याळजीच्या तळहातावर ठेवले. "डबलसीट चढावर ओढली पाहिजे ना? मुलीचं वजन किती?"

घड्याळजी तळहातावरचे जेट पाहत राहिला. असल्या भोकांतला फरक तो नुसत्या डोळ्यांनी सांगू शकत होता.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली."

मिस्त्रीने हात पुसले. "मग विचारा की. मी थांबतो."

जेटला माणसाच्या वजनाशी फारसं देणंघेणं नसतं. मिस्त्रीला ते माहीत होतं. घड्याळजीलाही होतं, यंत्राशीच संसार केलेला माणूस तो. तरी त्याने खिशातून फोन काढला. नंबर कधी लावला नव्हता, पण पाठ होता.

"बाबा?" पलीकडून आवाज दचकला. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे." त्याने तळहातावरचे जेट अंगठ्याने सरकवले. "तुझं वजन किती आहे?"

"काय?"

"गाडीला नवा सायलेन्सर बसवतोय. मिस्त्री विचारतोय."

मिस्त्री पाठ फिरवून उगाच पाने-पकडी लावत बसला. घड्याळजीने फोन कानाशी इतका दाबला की कान दुखला.

"माझ्या वजनाचं त्याला काय करायचंय?"

"तू मागे बसशील तेव्हा..." त्याने जेट मुठीत आवळले. "मी तेव्हा बोललो ते चुकलं. फुटरेस्ट ठेवलाय. कापणार होतो, नाही कापला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बावन्न," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, हळूच, "बॅगेसकट धरायचं का, बाबा?"

मिस्त्रीने मान वळवून भुवया उंचावल्या. घड्याळजीने दोन्ही जेट नीट निरखले आणि मोठ्या भोकाचा त्याच्या हातावर ठेवला.

"बॅगेसकट," तो फोनमध्ये म्हणाला.

मिस्त्रीने गाडीशी उकिडवं बसून फुटरेस्टला अंगठ्याने रेटा दिला. तेल मुरलं होतं. तो कुरकुरला आणि उघडला.