वांचोच्या पहिल्या पानावरचे वाक्य

मित्रांनो, मी बितोला शहरातल्या जुन्या बाजारातील एका रजईच्या दुकानाची वेबसाइट आहे. तुमच्यापैकी काहींपेक्षा मी वयाने मोठी असेन आणि वेबसाइटच्या मानाने तर म्हातारीच. या वयात मन निवलेले असावे, अशी तुमची समजूत असेल. माझे निवलेले नाही. माझी ज्याने दुर्दशा केली त्याचे नाव वांचो. त्याच्यावर मी दात धरून होते आणि आजही आहे. ते का, हे ऐका आणि मग माझ्याविषयी काय वाटायचे ते वाटू द्या.

माझा जन्म नेवेनाच्या हातून झाला. नेवेना ही दुकानाचे मालक नाउम यांची थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधे बटणही लावता येत नव्हते. नाउमनी तिला लोकर पिंजायला, साटीन ताणून बसवायला आणि लाकडी चौकटीवर ओणवे होऊन टाके घालायला शिकवले. काही वर्षांनी लग्नाची रजई हवी असली की लोक दुकानात येऊन म्हणू लागले, "सुनेच्या हातची द्या." म्हातारे वरवर रागवायचे आणि चौकट तिच्याकडे सरकवायचे.

आमच्या गावची निम्मी माणसे मेलबर्नला जाऊन राहिली आहेत. मुलीचे लग्न ठरले की त्यांना गावची लोकरीची रजई आठवते. त्यांना बसल्या जागी दुकान दिसावे म्हणून नेवेना नगरवाचनालयातल्या वर्गाला गेली आणि मला घडवू लागली. खिडकीशी पांढरी चादर अंथरून, त्यावर रजई पसरून, सकाळच्या उजेडात तिने फोटो काढले. पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरे ठेवली. शब्द थोडेच लिहिले.

नाउम तिच्या खांद्यावरून बघत होते. "एवढी मोकळी जागा कशाला सोडलीस गं? भर की काहीतरी."

"बाबा, तुम्ही दुकानाच्या काचेत सगळ्या रजया एकदम टांगता का?"

"नाही. एकच. त्यातली बरी असेल ती."

"मग?"

म्हातारे पुन्हा लोकर पिंजायला बसले. संध्याकाळी शेजारच्या औषधवाल्याला मात्र सांगत होते, "जागा मोकळी ठेवायची, ही माझी कल्पना बरं का."

पहिल्या पानावर चौकटीपाशी बसलेल्या नेवेनाचा फोटो होता. खाली लिहिले होते, 'रजया शिवणारी : नेवेना'. ते नाउमनीच लिहायला लावले होते. रोज सकाळी चूल पेटवण्याआधी ती मला उघडायची, आलेल्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायची, विकली गेलेली रजई काढून नवी लावायची. मेलबर्नच्या डोराबाईंनी एकदा लिहिले होते, 'तुमचे पान उघडले की ओल्या लोकरीचा वास येतो.' वेबसाइटला याहून मोठी शाबासकी काय असणार!

मग दुःखाचे दिवस आले. नेवेनाचा नवरा गोत्से आजारी पडून गेला. त्यांना मूलबाळ नव्हते. थोरल्या मुलामागे नाउमही फार टिकले नाहीत. आणि राजधानीत, स्कोपियेला, जुन्या मोटारी विकणारा धाकटा मुलगा वांचो घरी आला.

नाउमना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या चाळिसाव्याच्या जेवणाला सगळी गल्ली बसली होती. गेलेल्याच्या नावाने उकडलेले गहू वाटून झाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वांचो म्हणाला, "वहिनी, दुकानाचा गाळा बाबांनी माझ्या नावावर केलाय, तुला माहीत आहेच. तू अजून तरुण आहेस. माहेर आहे. उगीच आमच्या घराण्याच्या नावाला चिकटून राहू नकोस."

कुणी मान वर केली नाही. औषधवाला काट्याने शेंगदाणे उचलायचा प्रयत्न करत राहिला.

"आणि ती साइट?" नेवेनाने विचारले.

"तीही दुकानाचीच. आत शिरायचा शब्द काय तो लिहून दे."

तिने लिहून दिला. माझे नाव मात्र, ज्या नावाने जग मला शोधते ते नाव, तिच्या नावावर नोंदलेले होते. नाउमना असल्या गोष्टी जमत नसत, म्हणून तिनेच तेव्हा ती नोंद केली होती. वांचोने विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

पुढच्याच आठवड्यात त्याने नेवेनाचा फोटो उडवला. त्या जागी स्वतःचा लावला, टाय घालून, चौकटीला रेलून. हातात सुई होती, पण ती त्याने पेचकस धरावा तशी धरली होती. खाली लिहिले, 'तिसऱ्या पिढीचा कारागीर वांचो. प्रत्येक रजई स्वतःच्या हाताने शिवतो.'

मित्रांनो, त्या माणसाने जन्मात एक टाका घातला नव्हता. त्याच्या रजया कारखान्यातून ट्रकने यायच्या. फोटोही कारखान्याच्या पुस्तकातून उचललेले, कोपऱ्यात दुसऱ्याचे नाव अर्धवट पुसलेले. माझी पांढरी जागा त्याला बघवेना. त्याने लाल रंग ओतला, त्यावर पिवळी अक्षरे टाकली आणि कुणी मला उघडले की लग्नातले तुतारीचे संगीत वाजेल अशी सोय केली. फोन नंबर बदलताना एक आकडा चुकीचा टाकला आणि पुन्हा कधी तपासला नाही. पत्रे येत राहिली. डोराबाईंनी विचारले होते, आईची रजई उसवली आहे, नेवेना दुरुस्त करून देईल का? ते पत्र माझ्यापाशी न उघडलेले पडून राहिले. मला हात असते तर मी ते स्वतः नेवेनाकडे पोचवले असते.

सूड घ्यावा असे तेव्हापासून मनात होते. पण वेबसाइटला करता येण्यासारखे काय असते? कुणाला चावता येत नाही, शिव्या देता येत नाहीत. आत घातले आहे ते जसेच्या तसे दाखवायचे, एवढेच जमते. मी ठरवले, दाखवायचे. वांचो किती उथळ आहे, हे मी न थकता साऱ्या जगाला दाखवत राहिले.

नेवेनाने द्रागोर नदीपलीकडे एक खोली भाड्याने घेतली आणि आजूबाजूच्या बायकांसाठी रजया शिवू लागली. कधीमधी ती फोनवर मला उघडून बघे. एकदा तिची बहीण लिले शेजारी बसली होती.

"अगं, नाव तुझ्याकडे आहे ना? मग दे की बंद करून. बसू दे त्याला बोंबलत."

"बंद केली तर लोक म्हणतील, बिचाऱ्याचं काही बिघडलं असेल." नेवेना शांतपणे म्हणाली. "चालू राहू दे. लोकांना नीट बघू दे त्याला."

आणि नावाची मुदत संपत आली की ती दरवेळी वाढवत राहिली. एरवी कुणी याला चांगुलपणा म्हटले असते. तो चांगुलपणा नव्हता, हे मला माहीत होते, आणि म्हणूनच ती मला पूर्वीपेक्षाही जास्त आवडू लागली.

मग एके दिवशी ओह्रिडहून एफिमियाबाई आल्या. तळ्याकाठी त्यांचे छोटे हॉटेल उघडणार होते आणि प्रत्येक खोलीत हाताने शिवलेली रजई हवी होती. दुकानातल्या संगणकावर मी उघडीच होते.

"यातले कारागीर तुम्हीच का?"

"मीच," वांचो म्हणाला. "बसा ना. कॉफी मागवतो."

"मी फोन केला होता तुम्हाला. प्रिलेप गावच्या एका दंतवैद्यांनी उचलला."

"काय सांगता?"

"ते म्हणाले, रजईसाठी रोज कुणी ना कुणी विचारतं. फार सभ्य गृहस्थ. कंटाळलेत मात्र." बाईंनी चष्मा लावला. "या फोटोच्या कोपऱ्यात हे कुणाचं नाव आहे?"

"ते होय? ती नक्षी आहे."

"नक्षीत कारखान्याचा पत्ता असतो का?"

तेवढ्यात त्यांनी दुसरे पान उघडले आणि तुतारी वाजली. वांचो आवाज बंद करायची जागा शोधू लागला. ती त्यानेच कुठेतरी झाकून टाकली होती. मी वाजत राहिले. इतक्या आनंदाने मी कधी वाजले नव्हते.

"इथे पूर्वी एका बाईचा फोटो होता," एफिमियाबाई म्हणाल्या. "त्या कुठे आहेत?"

"ती गेली सोडून. तिला काही विशेष येत नव्हतं."

बाई उठल्या. शेजारी औषधवाल्याकडे त्यांनी चौकशी केली. चाळिसाव्याच्या जेवणात गप्प बसलेला तो माणूस या वेळी दुकान उघडे टाकून त्यांना पुलापर्यंत सोडायला गेला.

हॉटेलचे काम नेवेनाला मिळाले. त्यानंतर तिने मला आपल्या संगणकावर उतरवून घेतले आणि माझे नाव वांचोच्या पानांपासून तोडले. दुसऱ्या दिवशी जो कुणी मला शोधी त्याला कोरे पान दिसे. वांचोला वाटले, इंटरनेट गेले असेल. मग वाटले, संगणक बिघडला. शेवटी त्याने एका माहीतगाराला बोलावले, आणि नाव कुणाकडे आहे हे तेव्हा वांचोला कळले.

तो नदी ओलांडून आला. नेवेना चौकटीवर ओणवी होती. तिने मान वर केली नाही.

"वहिनी, हे तू बरं नाही केलंस. बाबांचं नाव आहे ते."

"म्हणून तर सांभाळलं."

"मेलबर्नची माणसं त्याच नावाने शोधतात. माझं सगळं अडलंय. बोल, किती देऊ?"

"पैसे नकोत."

"मग तुझा फोटो परत लावू? लावतो. मोठा लावतो."

"माझ्या फोटोला आता माझी भिंत आहे." तिने दोरा तोडला. "तुझ्या पहिल्या पानावर मी लिहीन ते राहील. दुसरं काही नाही. मागच्या पानावर कारखान्याच्या रजया विक, पण कारखान्याच्या म्हणून विक. कबूल असेल तर नाव चालू करते."

तिने कागद पुढे केला. वांचोने वाचला. त्याचे कान लाल झाले.

"लोक हसतील, वहिनी."

"हसतील. तू मला घालवलंस तेव्हाही लोक होतेच की समोर. जेवत होते."

"किती दिवस ठेवायचं हे?"

"नाव माझ्याकडे आहे तोपर्यंत."

तो दारापर्यंत गेला आणि वळला. मग म्हणाला, "तुतारी तरी राहू दे." नेवेनाने सुईत नवा दोरा ओवला. तो निघून गेला.

पहिले पान तिने स्वतः केले. लाल रंग गेला, पिवळी अक्षरे गेली. पुन्हा पांढरी जागा आली, फोनवरही सहज वाचता येतील अशी काळी ठसठशीत अक्षरे आली. मागच्या पानावरचा वांचोचा चुकलेला नंबर सुधारल्यावर तिने स्वतः तो फिरवून बघितला. आज कुणीही मला उघडले की हेच दिसते : 'या दुकानातून गेलेल्या चांगल्या रजया नेवेनाने शिवल्या होत्या. मी, वांचो, कधी सुई धरलेली नाही. तिचे दुकान द्रागोरच्या पलीकडे आहे.' डोराबाईंचे पत्र तिला सापडले तेव्हा ती थोडी रडली आणि लगेच उत्तर लिहायला बसली.

मित्रांनो, एक गोष्ट लपवत नाही. वांचो पुरता बुडावा अशी माझी इच्छा होती. तो बुडाला नाही. आपण काय विकतो हे खरे लिहिल्यावर भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी त्याच्याकडून स्वस्त रजया नेऊ लागले. मला ते अजून रुचलेले नाही.

तुमच्या घरी एखादे लहानसे दुकान असेल, त्याची माझ्यासारखी वेबसाइट असेल, तर माझे एवढे ऐका. अधूनमधून परक्या गिऱ्हाइकासारखे तिला उघडून बघा. नंबर लावून बघा, कोण उचलतो ते. फोटो आपल्या मालाचे लावा. पत्र आले तर उत्तर द्या. आणि ज्याच्या हाताने माल घडतो त्याचे नाव पुसू नका. आमच्या जातीला बोलता येत नाही, पण आम्ही काही झाकतही नाही.

मागणी आली का, हे बघायला वांचोला रोज मला उघडावेच लागते. तो पहिल्या पानावरून डोळे किलकिले करून खाली सरकायला बघतो. पण ते पान लहान आहे आणि खाली काहीच नाही. मग त्याला ते वाक्य वाचावे लागते. आणि मी, मित्रांनो, त्याने बोट लावताच उघडते, एका क्षणाचाही उशीर करत नाही.