वरचं बटण

मुलांनो, हातावर डोकं ठेवून झोपलं की तो कसा बधिर होतो, आठवतंय? आपलाच हात, पण दुसऱ्याचा वाटतो. आता अशी कल्पना करा, की तो पुन्हा जागाच होत नाही.

भिंगरीच्या बाबांचा उजवा हात तसा झाला होता. कपडे धुण्याच्या कारखान्यात ते ओल्या चादरी तापलेल्या रोलरखाली सरकवायचे. एकदा चादरीबरोबर हातही आत गेला. बोटं वाचली, पण त्यांतली जाणीव गेली. बाबांचं बोलणंही आटलं. रोज सकाळी ते भिंगरीसमोर उभे राहायचे, भिंतीकडे बघत, आणि ती त्यांच्या शर्टाची बटणं लावायची. घरात त्यावर कुणी काही बोलत नसे.

हात किती टक्के कायमचा निकामी झाला, हे डॉक्टर ठरवतात, आणि त्यावर भरपाई ठरते. कारखान्याच्या डॉक्टरांनी अगदी थोडे टक्के लिहिले. तेवढ्यावर बाबांना पुन्हा त्याच रोलरवर उभं राहावं लागणार होतं. बाबांनी तक्रार केली. मग दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या एका डॉक्टरबाईंकडे त्यांना पाठवलं. भिंगरीही सोबत गेली.

"इथे लिहिलंय, 'शर्ट सहज काढला'," बाई कारखान्याच्या डॉक्टरांचा कागद वाचत म्हणाल्या.

"काढला की," बाबा म्हणाले.

भिंगरीला आठवलं. त्या तपासणीच्या दिवशी फार उकडत होतं, म्हणून बाहेरच्या बाकावरच तिनं सगळी बटणं सोडून ठेवली होती.

"मूठ आवळा."

बाबांनी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं.

"अहो, कुस्ती नाही खेळायची! झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मला ती उघडून बघायचीय. दुखतंय?"

"नाही. काहीच होत नाही."

"घरी कुठे अडतं का?"

"छे. माझं सगळं मी करतो."

"बाबा!" भिंगरी म्हणाली.

"तू गप बस गं, आजीबाई."

"बरं, शर्ट काढा," बाई म्हणाल्या.

बाबा उठले आणि रोजच्यासारखे भिंगरीसमोर येऊन उभे राहिले. नजर भिंतीवर. भिंगरीचे हात आपसूक वर गेले. वरचं बटण बोटांना लागलंही.

मग तिनं हात मागे घेतले, पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवले, आणि ती तशीच उभी राहिली.